ईएफआय गाडीवर जुन्या बुलेटची टाकी: पंप आत की बाहेर?

एरंडवणे_५००

नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक ५००, ईएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल जाणारी), बीएस-४ (प्रदूषण नियमांचा टप्पा). तिच्यावर जुन्या, कास्ट आयर्न इंजिनाच्या कार्बोरेटरवाल्या बुलेटची टाकी चढवायची आहे. टाकी मिळाली आहे. पत्रा ठणठणीत, आत पातळ गंज, कॉकचं (पेट्रोलच्या तोटीचं) एक भोक, हवेचं छिद्र झाकणातच. मूळ टाकीच्या तळाला पंपाचं मोठं गोल भोक आहे, ते हिला अर्थातच नाही.

दोन मार्ग दिसतात. एक, तळ कापून पंपाची बैठक वेल्ड करायची. दुसरा, टाकीला हात न लावता कॉकखाली बाहेरून इनलाइन (पाइपाच्या मध्ये बसणारा) पंप लावायचा. दुसरा सोपा वाटतो, पण गॅरेजवाल्यांत एकमत नाही. कारणांसकट सांगाल तर बरं होईल. मूळ टाकी जशीच्या तशी जपून ठेवणार आहे.

दाब_तीन_बार

पंप आतच बसवा. कारण पेट्रोलच्या हिशेबात आहे.

कार्बोरेटरला पेट्रोल नुसतं उतरत आलं तरी पुरतं. फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) भरला की सुई बंद. इंजेक्टरला साधारण ३ बार दाब लागतो आणि तो एकसारखा लागतो. म्हणून पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल ढकलत राहतो. ताशी ७५ किमी वेगाने जाताना लिटरला ३० किमी धरले, तर तासाला अडीच लिटर जळतं. तासाला ५० लिटर ढकलणारा पंप घेतलात, तर त्यातलं साडेसत्तेचाळीस लिटर दाब एकसारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधून माघारी जातं. तुमच्या मूळ टाकीतून इंजेक्टरकडे एकच पाइप जात असेल, तर रेग्युलेटर पंपाच्या मॉड्यूलमध्येच (पंप, जाळी वगैरेंच्या एकत्र जुळणीत) आहे आणि जादा पेट्रोल आतल्या आत टाकीत पडतं.

पंप बाहेर काढला की रेग्युलेटरही बाहेर येतो, परतीचा पाइप लागतो आणि त्या पाइपसाठी टाकीला नवीन नळी वेल्ड करावी लागते. म्हणजे टाकी कापायची नाही हा दुसऱ्या मार्गाचा फायदा तिथेच संपला.

चिखली_बायपास

परतीचा पाइप टाकीत न नेता टी लावून पंपाच्या आधीच्या पाइपात सोडला तर? वेल्डिंग वाचेल.

दाब_तीन_बार

तो सगळ्यात वाईट पर्याय. तेच थोडंसं पेट्रोल पंपातून फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीत पंपाच्या मोटरची उष्णता घेतं. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात, आणि पंपाच्या तोंडाशी ओढीमुळे दाब कमी असतो, तिथे ते आणखी लवकर होतं. बुडबुडे झाले की पंप वाफ ढकलतो, दाब कोसळतो, गाडी आधी झटके मारते, मग बंद. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पुण्याच्या विद्यापीठ चौकातल्या सिग्नलला एअर-कूल्ड इंजिनाच्या हेडवर हा पंप असला, तर नेमकं तिथेच होणार. गाडी गार झाली की परत चालू होते, त्यामुळे दोष इलेक्ट्रिकलमध्ये शोधला जातो आणि भलतेच पार्ट बदलले जातात.

आतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तेच पेट्रोल त्याला गार ठेवतं आणि त्याला ओढायला काही अंतरच नसतं.

नाना_पेठ_पार्ट्स

कॉकबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जुन्या कॉकची आतली वाट अरुंद असते. कॉक उघडून एक मिनिट पेट्रोल मापाच्या बाटलीत सोडा. वर सांगितलेल्या ५० लिटरच्या पंपाला मिनिटाला ८०० मिलीहून जास्त लागतं. परतीचं पेट्रोल टाकीत जाणार असेल, तर एवढं सगळं कॉकमधूनच यायला हवं. टाकी पाव भरलेली असताना मोजा, पूर्ण भरलेली असताना आकडा फसवा येतो.

बाहेरचा पंप लावायचाच असेल तर क्रम असा: मोठ्या भोकाचा कॉक, मग जाड जाळीचा फिल्टर (७० ते १०० मायक्रॉन), टाकीच्या तळापेक्षा खाली पंप, त्यापुढे १० मायक्रॉनचा बारीक फिल्टर, इंजेक्टर, रेग्युलेटर आणि परतीचा पाइप टाकीत. बारीक कागदी फिल्टर पंपाच्या आधी लावू नका. हे पंप ढकलायला तयार केलेले असतात, ओढायला नाही. परतीचा पाइप बारीक घेतलात तर त्यातच दाब साठतो, इंजेक्टरला ३ ऐवजी साडेतीन बार मिळतात आणि गाडी रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) चालते. आतून ८ मिमी असू द्या.

भोसरी_टिग

बैठकीचं बोलू. पंपाची रिंग लेथवर करून घेता येते, पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे त्याच मॉडेलची अपघातात चेपलेली ईएफआय टाकी शोधणं. वरचा पत्रा कितीही चेपलेला असू दे, तळ सरळ असला की झालं. नाना पेठेत विचारा, रविवारी-बुधवारी जुना बाजार पाहा, गाड्या तोडणाऱ्यांकडे चौकशी करा. तिच्या तळातून पंपाची बैठक भोवतीच्या २० मिमी पत्र्यासकट कापून घ्यायची आणि ती जुन्या टाकीच्या तळावर बसवायची. बैठक कंपनीची असल्यामुळे ओ-रिंगची जागा सपाट असते, बोल्टचं अंतर आपोआप जुळतं, आणि वेल्ड सीलच्या जागेपासून लांब राहतो. नवीन रिंग थेट पातळ पत्र्याला वेल्ड केली की उष्णतेने ती वाकते. डोळ्याला दिसत नाही, पण काच ठेवून फीलर गेज (बारीक फट मोजायची पट्टी) घातलं की कळतं.

रिंग लेथवरच करायची वेळ आली तर:

माइल्ड स्टील, वेल्डिंगआधी ६ मिमी जाड, वेल्डिंगनंतर सीलची बाजू पुन्हा लेथवर किंवा सरफेस प्लेटवर सपाट करायची. त्यासाठीच जाडी जास्त घ्यायची. बोल्टची भोकं आरपार पाडायची नाहीत. आरपार भोकातून पेट्रोल आट्यांवरून झिरपतं आणि कितीही सीलंट लावलं तरी थांबत नाही. वेल्डिंग टिगनेच (आर्गॉन वायूच्या आवरणात होणारं). आधी चार ठिकाणी समोरासमोर टाके, मग २०-२५ मिमीचे तुकडे आलटून पालटून, मध्ये गार होऊ द्यायचं. टाकीचा पत्रा एक मिमीच्या आसपास असतो, सलग फिरवलात तर तळ कढईसारखा फुगतो.

जागा ठरवण्याआधी मॉड्यूलची उंची मोजा आणि टाकीत वरच्या पत्र्यापर्यंत किती जागा आहे तेही मोजा. झाकणातून वाकवलेली तार घालून मोजता येतं. जुन्या टाकीचा मधला बोगदा (चॅसीवर बसणारी खोबण) वेगळ्या मापाचा असतो, त्यामुळे मूळ टाकीत पंप जिथे आहे तिथेच तो इथे बसेल असं धरू नका. खालच्या बाजूला मॉड्यूलचं तोंड आणि कनेक्टर बाहेर येतात. त्यांच्यात आणि चॅसी, कॉइल, थ्रॉटल बॉडी यांच्यात किमान १० मिमी अंतर हवं. टाकी रबरावर बसते, ती हलते.

सिंहगड_चढ

जागेबद्दल अजून एक. बोगद्यामुळे टाकीचे खाली दोन कप्पे होतात. पंप एका बाजूला बसवला की दुसऱ्या बाजूचं शेवटचं लिटर-दीड लिटर पेट्रोल तिकडेच अडकतं. दोन्ही कप्प्यांच्या तळाला जोडणारी नळी टाका. जुन्या कॉकचं भोक दुसऱ्या बाजूला असेल तर तेच एक टोक म्हणून वापरता येतं.

शिवाय पंपाभोवती पत्र्याची आडभिंत हवी. सिंहगडाच्या चढावर किंवा ताम्हिणीच्या वळणांवर पेट्रोल मागे किंवा एका अंगाला सरकतं, कमी पेट्रोलमध्ये पंपाची जाळी उघडी पडते आणि गाडी एका क्षणात ताकद सोडते. कार्बोरेटरमध्ये फ्लोट चेंबरातलं पेट्रोल असा क्षण निभावून नेतं, इंजेक्शनला तो साठाच नाही. पंपाभोवती ५०-६० मिमी उंचीची, तळाशी दोन-तीन छोटी भोकं असलेली पत्र्याची वाटी बैठकीसोबतच वेल्ड करून घ्या. नंतर ती आत जात नाही.

एरंडवणे_५००

हे सगळं वाचून आतल्या पंपाकडेच वळतो आहे. चेपलेली टाकी शोधायला लागतो. दोन प्रश्न: वेल्डिंगआधी टाकी कशी साफ करायची? आणि गंजाचं काय, आतून कोटिंग करावं का?

भोसरी_टिग

आधी सुरक्षितता. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. वर्षभर कोरडी पडलेली टाकीसुद्धा पत्र्याच्या सांध्यात पेट्रोल धरून ठेवते आणि गरम झाली की ते वाफ होऊन बाहेर येतं.

कॉक, झाकण, सगळं काढा. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून तीन-चार वेळा खळखळून धुवा. वास गेला म्हणजे वाफ गेली असं नाही. वेल्डिंगच्या वेळी टाकी उलटी धरून कापण्याच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरा आणि उरलेल्या जागेत आर्गॉन सोडत राहा, एक तोंड उघडं ठेवून. पहिलं भोक ग्राइंडरने पाडू नका, ठिणग्या उडतात. ड्रिलने हळूहळू किंवा हाताच्या कात्रीने. जो वेल्डर "काही होत नाही, द्या इकडे" म्हणतो त्याच्याकडे टाकी देऊ नका, हे मनापासून सांगतो.

रसायन_कर्वेनगर

गंजासाठी सायट्रिक ॲसिड: १० लिटर कोमट पाण्यात अर्धा ते एक किलो, एक रात्र. सकाळी ओता, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, मग साधं पाणी, मग लगेच हवेने वाळवा. लगेच म्हणजे खरंच लगेच, नाहीतर तासाभरात केशरी थर परत चढतो. वाळली की थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवून ठेवा आणि टाकी बसवण्याआधी ते ओतून काढा. ही सफाई वेल्डिंगनंतर करा. वेल्डची पापडीही त्यातच निघते.

कोटिंगला माझा विरोध आहे. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल न सोसणारं रेझिन फुगतं, पापुद्रे सुटतात आणि ते थेट पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. कार्बोरेटर गाडीत कचरा आला तर जेट काढून फुंकलं की काम झालं. इथे जाळी चोंदली की पंप कोरडा फिरतो आणि जळतो. टाकीत आधीच कोणी कोटिंग केलेलं असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय ईएफआयचा विचार करू नका. भोकं पडलेली टाकी कोटिंगने वाचवण्यापेक्षा दुसरी टाकी घ्या.

आणि पाणी. जुन्या टाकीत कॉकची नळी तळापासून थोडी वर असायची, त्यामुळे तळाचं पाणी तळाशीच राहायचं. पंपाची जाळी अगदी तळाला टेकते. जून ते सप्टेंबरमध्ये झाकणाच्या रबरातून आत गेलेलं पाणी इथेनॉल शोषून घेतं, प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होऊन खाली बसतात, आणि पंप पहिल्यांदा तोच थर ओढतो. झाकणाचं जुनं कॉर्क किंवा रबर पहिल्याच दिवशी बदला.

चिखली_बायपास

+१, झाकणाचं छिद्रही तपासा. ते बंद असलं तर टाकीत ओढ तयार होते आणि अर्ध्या तासाने गाडी मरते. झाकण उघडलं की फुस्स आवाज आणि गाडी पुन्हा चालू, ही त्याची खूण.

पर्ज_व्हॉल्व्ह

झाकणावरून एक महत्त्वाचं. गाडी बीएस-४ आहे म्हणजे तिला कॅनिस्टर आहे. टाकीतली वाफ कोळशाच्या त्या डब्यात जाते आणि इंजिन ती ओढून जाळतं. जुनी टाकी बसवताना तो पाइप उपटून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. तसं करू नका. पेट्रोलची वाफ मोकळी हवेत सोडणं योग्य नाही, आणि इलेक्ट्रिक पर्ज व्हॉल्व्ह (डब्यातली वाफ इंजिनाकडे सोडणारा) असलेल्या गाड्यांत कनेक्टर काढला की चेक लाइट लागतो.

टाकीचं काम चालूच आहे तर त्यातच ६ मिमीची एक नळी टाकीच्या सगळ्यात उंच जागी, झाकणाच्या गळ्याजवळ, वेल्ड करून घ्या. तिच्यातून कॅनिस्टरकडे पाइप, मध्ये मूळ गाडीचा रोल-ओव्हर व्हॉल्व्ह (गाडी पडली तर पेट्रोल अडवणारा), आणि तो ज्या दिशेने उभा असतो त्याच दिशेने. नळी खाली घेतलीत तर टाकी भरल्यावर पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं, कोळसा भिजून निकामी होतो आणि चालू करताना इंजिन फ्लड होतं. पेट्रोल गळ्यापर्यंत भरू नका.

वायरिंग_लूम

वायरिंगचं थोडक्यात. मूळ लूम (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापू नका. चेपलेल्या टाकीबरोबर मॉड्यूलचा कनेक्टर वायरसकट मागून घ्या, लांबी कमी पडली तर त्यातून जोडवायर करा. पंपाच्या वायरी मूळ जाडीच्याच हव्यात. बारीक वायर घेतली की व्होल्टेज पडतं आणि पंप हळू फिरतो. चालू पंपावर मल्टिमीटर लावून बॅटरी आणि पंपाच्या टोकांमधला फरक बघा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको.

कल-सेन्सर मूळ जागी, मूळ दिशेने ठेवा. टाकीच्या ब्रॅकेटसाठी तो इकडेतिकडे हलवला तर सरळ उभी गाडी पडली आहे असं ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं आणि पंपच चालू होत नाही. टाकी पूर्ण रबरावर असेल तर चॅसीला अर्थची एक वायर द्या.

नाना_पेठ_पार्ट्स

पाइप मागताना "पेट्रोल पाइप द्या" म्हणू नका. त्यावर छापलेलं वाचा: एसएई जे३० आर९ हवं. आर७ कार्बोरेटरचा असतो, इंजेक्शनच्या दाबासाठी नाही, आणि खाली गरम सायलेन्सर आहे. टाकीच्या आत बुडणारा तुकडा बदलायचा असेल तर आर१०. आर९ बाहेरून पेट्रोलमध्ये बुडवायला केलेला नसतो.

क्लिप गोल कडांच्या, ईएफआयसाठीच्या. चिरा असलेली साधी स्क्रू क्लिप रबर कापते. आणि मॉड्यूलच्या तोंडाला टिचकीने बसणारा कनेक्टर असेल तर तोच वापरा. त्या गुळगुळीत नळीवर साधा पाइप चढवून क्लिप आवळली तरी तो दाबाने निसटतो.

ओ-रिंग प्रत्येक वेळी नवीन. पेट्रोलमध्ये राहिलेली जुनी फुगते आणि खाचेत परत बसत नाही. बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. एम ५ असतील तर ५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे.

कलम_५२

कागदपत्रं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार चालत नाही. टाकीचा आकार आरसीवर नसतो, रंग असतो. टाकी वेगळ्या रंगाची असेल तर आधी आरटीओत रंगबदलाची नोंद करा. विमा कंपनीला लेखी कळवा, इंधनाच्या यंत्रणेतला बदल लपवला तर आगीच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

एरंडवणे_५००

सगळ्यांचे आभार. आता चाचणीचा क्रम सांगा. पहिल्यांदा पेट्रोल कधी घालायचं?

दाब_तीन_बार

रंग देण्याआधी सगळं. रंगवलेल्या टाकीवर पुन्हा वेल्डिंग करायची वेळ येऊ नये.

मूळ टाकी उतरवण्याआधी तिच्यावर दोन आकडे घ्या. इंजेक्टरच्या पाइपात टी टाकून गेज लावा आणि इग्निशन ऑन केल्यावर दाब किती चढतो ते लिहा. मग पाइप बाटलीत सोडून, रिलेला थेट सप्लाय देऊन १० सेकंदांत किती मिली येतं ते मोजा. हे जवळ अग्निशामक ठेवून, उघड्यावर, गार इंजिनावर. नव्या टाकीवर हेच दोन आकडे यायला हवेत. दाब बरोबर पण मिली कमी असतील तर जाळी किंवा वायरिंग बघा. दोन्ही कमी असतील तर मॉड्यूलच्या आतला पाइप निसटला आहे किंवा रेग्युलेटर गेला आहे.

नवी टाकी: पंप बसवून, सगळी तोंडं बंद करून ०.२ बार हवा भरा, साबणाचं पाणी लावा. त्याहून जास्त हवा नको, पत्रा फुगतो. बुडबुडे नसतील तर दोन लिटर पेट्रोल घालून रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर टाकी गाडीवर चढवा. हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून बघा, जुन्या टाकीचा पुढचा भाग फोर्कला किंवा वायरिंगला टेकत असतो. इग्निशन तीन वेळा ऑन-ऑफ करून दाब चढवा, सगळे जोड कोरड्या कापडाने पुसून तपासा, मग स्टार्ट. इंजिन पूर्ण तापल्यावर जोड पुन्हा तपासा, आणि १०० किमीनंतर टाकी उतरवून जाळी बघा. तिच्यावर तांबूस भुकटी दिसली तर गंजाची सफाई अपुरी झाली आहे.

सिंहगड_चढ

इंधनाच्या लाइटचं राहिलं. टाकीचा आकार बदलला की मूळ फ्लोट किंवा सेन्सर वेगळ्याच पातळीला इशारा देतो. कोरड्या टाकीत अर्धा-अर्धा लिटर घालत जा आणि लाइट नेमका किती लिटरला विझतो ते लिहून ठेवा. तो आकडा दीड लिटरच्या खाली असेल तर लाइटवर विसंबू नका, ट्रिप मीटरवर चालवा. इथे रिझर्व्ह नाही, आणि पंप उघडा पडून चालला तर तापून त्याचं आयुष्य घटतं.

एरंडवणे_५००

तळ सरळ असलेली चेपकी टाकी मिळाली की बैठकीचे आणि जोडनळीचे फोटो याच धाग्यावर टाकतो. भोसरी_टिग, रिंगपेक्षा कापलेला तळच वापरणार, २० मिमी काठासकट.

भोसरी_टिग

कापण्याआधी तिच्यावर मॉड्यूलची दिशा पंच करून खूण करा. बैठक गोल असली तरी जाळी आणि फ्लोटचा दांडा एकाच दिशेला जातो, आणि वेल्ड झाल्यावर ती फिरवता येत नाही.